शेपटीवाली फुली

भावाचं कौतुक करायची संधी उबवणीताईने आजवर एकदाही वाया घालवली नव्हती. पिल्लं न्यायला आलेलं गिऱ्हाईक असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, नाहीतर पत्ता चुकून दारात थांबलेलं कोणी असो, त्याला आधी मागच्या खोलीत जावंच लागे. तिथे भिंतीला टेकून एक पांढरं कपाट उभं होतं. उंचीला ताईच्या खांद्याइतकं, आत एकावर एक बसवलेले जाडजूड खण. ही घरची बॅटरी. छपरावरच्या सोलर पॅनेलनी दिवसभर कमावलेली वीज ती पोटात ठेवायची आणि लाइन गेली की घराला पुरवायची.

"नव्या जातीची आहे," ताई सांगायची. "सोडियमची. आपल्या मिठात असतं ना, तेच. जुन्या बॅटऱ्यांसारखी तापत नाही, पेटत नाही, थंडीत आखडत नाही. माझ्या भावाने बसवलीय. तुम्ही डोळे मिटून घ्या."

शेवटची दोन वाक्यं सोडली तर बाकी सगळी भावाचीच होती. तो बोलताना जिथे थांबायचा तिथेच ताईही थांबायची. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी तो खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकायचा आणि म्हणायचा, "मेहुण्याने हिला पगारावर ठेवायला हवी. माझं एवढं कौतुक केलं असतं तर एव्हाना मी विमान चालवत असतो." ताई ते कानाआड करायची.

पण तिच्या शब्दाला गल्लीत वजन होतं, हे नवऱ्यालाही मान्य होतं. मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरबाई बॅटरी बघायला आल्या तेव्हा भावाने त्यांना तक्ते दाखवले, आकडे दाखवले, मोबाइलवर काहीतरी वरखाली सरकवून दाखवलं. बाईंनी ते सगळं शांतपणे बघितलं आणि मग ताईकडे वळून एवढंच विचारलं, "तुमचा विश्वास आहे?"

"अहो, भाऊ आहे माझा," ताई म्हणाली. बाईंनी दुसऱ्या दिवशी बॅटरी नोंदवली.

आता ताईचं काम काय, ते सांगायला हवं. नावातच आहे, उबवणीचं. घराच्या पुढच्या खोलीत काचेच्या झाकणाची एक पेटी होती. आत तारेची शेगडी, छोटा पंखा, पाण्याची बशी आणि ओळीने मांडलेली अंडी. तीन आठवडे पेटीतली ऊब जराही हलू द्यायची नाही. ऊब काही तास गेली की कवचाच्या आत जे धडधडत असतं ते गप्प होतं, आणि मग कोणी कितीही शेक दिला तरी बोलत नाही. बॅटरी येण्याआधी लाइन गेली की ताई गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवून, वरून गोधड्या टाकून, त्यावर हात ठेवून बसायची. त्यामुळे बॅटरी ही तिच्यासाठी चैन नव्हती. ती आली तेव्हा कुठे ताई निर्धास्त झोपायला लागली होती.

दुसरं काम म्हणजे अंडी फिरवायची. एकाच कुशीवर ठेवलं तर पिल्लू कवचाला चिकटतं. म्हणून अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोळे वर. एकही अंडं चुकलं तर लगेच दिसतं. हे आईचं शिकवणं. लहानपणी आईने दोघा भावंडांना अंडी वाटून दिली होती, फुल्या थोरलीने काढायच्या, गोळे धाकट्याने. त्यालाही कारण होतं. धाकट्याची फुली कधी तिरकी पडायचीच नाही, खांबासारखी सरळ उभी राहायची. आई म्हणायची, "अरे, ही फुली आहे की बेरीज? तू आपला गोळेच काढ बाबा." ताईची फुली मात्र हुबेहूब आईच्या वळणाची. उजवीकडचा खालचा पाय शेवटी किंचित वर वळलेला, मांजरीच्या शेपटीसारखा.

ही शेपटीवाली फुली ताई नुसती अंड्यांवर काढून थांबत नसे. डबे, बादल्या, शिडी, नवऱ्याच्या छत्रीची मूठ, सगळ्यांवर. पेन्सिल तिच्या अंबाड्यात कायम खोचलेली असे. बॅटरी बसली त्या दिवशीही तिने पेन्सिल काढली आणि प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात एकेक फुली ओढली.

"ताई, ही काय अंडी आहेत का?" भाऊ पोट धरून हसला. "यांना फिरवायचं नसतं."

"माझ्या घरात आलं की माझी फुली. आता मागच्या बाजूला तू गोळे काढ."

"मागे कोण बघायला जातंय!" असं म्हणून त्याने कपाटाचं दार लावलं.

हे झालं वर्षापूर्वीचं. त्यानंतर भावाचा धंदा असा काही चालला की तो बोलतानाही घड्याळाकडे बघायला लागला. ताईला त्याचाही अभिमानच वाटायचा.

आणि मग कुत्री आली. एका दुपारी भटक्या कुत्र्यांनी खुराड्याच्या जाळीखालची माती उकरली आणि ताईच्या, म्हणजे खरं तर आईच्या, कोंबड्या संपवल्या. राखाडी ठिपक्यांच्या, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या. आईने हा वाण जपला होता, निवडून निवडून, शेजारणीचा कोंबडा कितीही रुबाबदार असला तरी आपल्या खुराड्यात फिरकू न देता. एक पक्षी उरला नाही. उरली ती फक्त अंडी, जी ताईने आधल्याच दिवशी पेटीत मांडली होती. भाऊ धावत आला. मोकळ्या खुराड्यासमोर उभा राहून तो अगदी लहान मुलासारखा रडला. आईच्या माघारी आईची म्हणून जी एक जिवंत गोष्ट या दोघांकडे होती, ती आता त्या पेटीत होती, हे त्यालाही ठाऊक होतं. "ताई, यांना काही होऊ देऊ नकोस," असं तोच म्हणाला होता. हे लक्षात ठेवायला हवं.

थोड्याच दिवसांनी तो पुन्हा आला, हत्यारांची पेटी आणि एक जड खोकं घेऊन. "बॅटरीची सर्व्हिसिंग करून टाकतो. तू पेटीच्या काळजीने सारखी आतबाहेर करशील. जा, बाजार करून ये. अंड्यांवर मी लक्ष ठेवतो."

ताई पिशवी घेऊन निघाली. वाटेत भाजीवालीलाही तिने सांगितलं, भाऊ स्वतः येऊन सर्व्हिसिंग करतोय, दुसऱ्या कोणाला धाडत नाही. परत आली तेव्हा काम झालं होतं आणि पेटीवरची धूळसुद्धा त्याने पुसून ठेवली होती.

त्यानंतर सगळे दिवस लख्ख उन्हाचे गेले. लाइन जायची ती पाच-दहा मिनिटं. मग एक दिवस आभाळ सकाळपासून मळकट, ऊन नावालाही नाही, आणि जेवणं होण्याआधीच लाइन गेली. ती येईना. ताईला काही वाटलं नाही. असल्या दिवशी बॅटरी दुसऱ्या सकाळपर्यंत आरामात पुरायची. कपाटावरच्या पट्टीवर सगळे दिवे हिरवे होते. तिने भांडी घासली, नवऱ्याच्या शर्टाला बटण लावलं, आणि दोरा तोडता तोडता तिच्या लक्षात आलं की पंख्याचा आवाज येत नाहीये.

पेटी थंड पडायला लागली होती. मागच्या खोलीत जाऊन बघते तर पट्टीवरचे सगळे हिरवे दिवे विझलेले.  तिने भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. त्याने कापला आणि निरोप धाडला, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.

"त्याला लिही की अंडी मरतायत," नवरा खाटेवरून उठत म्हणाला.

"गाडी चालवत असेल. घाबरून कुठे आदळायचा," ताई म्हणाली. मीटिंगमध्ये असलेला माणूस गाडी कशी चालवेल, हे तिने बघितलंच नाही. तेव्हासुद्धा तिला त्याचीच काळजी.

गॅसवर पाणी ठेवून, बाटल्या भरून किती वेळ निभावणार? लाइन कधी येईल याचा भरवसा नव्हता. तेवढ्यात तिला डॉक्टरबाई आठवल्या. त्यांच्याकडे तीच बॅटरी, त्याच भावाने बसवलेली. ताईने कपड्यांच्या टोपलीत टॉवेल अंथरले, कडेने गरम बाटल्या लावल्या, अंडी मांडली, वर शाल टाकली आणि टोपली छातीशी धरून निघाली. नवरा स्कूटरवर रिकामी पेटी बांधून तिच्यामागून आला. एरवी बसमधल्या माणसांना ब्रेक मारून हलवणारा हा गडी त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला थांबून जात होता.

डॉक्टरबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. "आत या, आत या. जिन्याखाली जागा आहे, तिथेच बॅटरीजवळ लावा." त्यांच्या घरात दिवे लख्ख चालू होते. नवऱ्याने पेटी ठेवली, ताईने गुडघ्यांवर बसून अंडी एकेक करून आत मांडली. पंखा फिरायला लागला. काचेवर हलका ओलावा धरला. ताईने मोठा श्वास सोडला आणि मान वर केली.

बॅटरीचं कपाट तिच्या डोळ्यांसमोर होतं. दार अर्धवट उघडं. वरून तिसऱ्या आणि चौथ्या खणाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची फुली होती. खालचा उजवा पाय वर वळलेला.

ती बघत राहिली. तिने बोट लावून बघितलं. तिची फुली तीच ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

"काय हो ताई, चक्कर येतेय का?" बाईंनी विचारलं.

"हे खण…" ताईने कसंबसं विचारलं, "हे पहिल्यापासूनचेच का?"

"नाही हो. माझे दोन खराब निघाले. मी फार चिडले होते, सगळंच परत न्या म्हटलं. पण तुमचा भाऊ किती तत्पर! दुसऱ्याच दिवशी नवे कोरे आणून बसवले." बाईंनी ताईच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं तुमच्या शब्दावर घेतली."

ताई हसली. म्हणजे तोंड हसलं. 

घरी आल्यावर तिने पदर खोचला आणि कपाटाचं दार सताड उघडलं. मोबाइलच्या उजेडात एकेक खण तपासला. सगळ्यांवर फुल्या होत्या. एकही खण बिनफुलीचा नव्हता, आणि क्षणभर तिला वाटलं, आपणच वेड्या, उगाच सोन्यासारख्या भावावर संशय घेतला. मग तिने तिसरा आणि चौथा नीट बघितला. त्या फुल्यांना शेपटी होती, अगदी आठवणीने काढलेली. पण फुल्या तिरक्या पडल्याच नव्हत्या. खांबासारख्या सरळ उभ्या होत्या.

"अगं, बॅटरी आहे, बेरजेचं चिन्ह असायचंच," नवरा डोकावून म्हणाला. मग त्याने बायकोचं तोंड बघितलं आणि पुढचा विनोद गिळला.

भाऊ अंधार पडायच्या सुमाराला आला. पायऱ्या एका दमात चढून. "ताई, अंडी कशी आहेत?" हा त्याचा पहिला प्रश्न. तो खोटा नव्हता, आणि म्हणूनच ताईला तो सहन होईना.

"डॉक्टरबाईंकडे आहेत. माझ्या खणांवर."

तो दारातच थांबला. नवरा उठून बाहेर व्हरांड्यात गेला, त्याला एवढी समज होती.

"ताई, ऐकून घे. कंपनी मला पूर्ण भागाची एजन्सी देतेय. बाईंनी बॅटरी परत केली असती तर बाकीच्यांनीही केली असती. नवे खण यायला वेळ होता. तुझ्याकडे बसवले ते चाचणीतले, वापरलेले होते, पण अगदीच टाकाऊ नाहीत. दोन खण बसले की सगळीच बॅटरी बसते, माहीत होतं, पण ऊन होतं, मला वाटलं तेवढे दिवस निघतील. आले की लगेच बदलणार होतो. आईशप्पथ."

"आईचं नाव घेऊ नकोस."

तो उघड्या कपाटापाशी गेला, ताई त्याच्या मागोमाग.

"मागितले असतेस तर दिले नसते का मी?"

"दिले असतेस. मला माहीत आहे."

"मग?"

"मागितलं असतं तर तू विचारलं असतंस, माझ्या अंड्यांचं काय." तो खाली बघत म्हणाला. "आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाईंकडे तोंड दाखवायचं होतं. तू काय, घरचीच. तू समजून घेतलं असतंस."

"मी पेटी उचलून त्याच दिवशी बाईंकडे ठेवली असती. एवढंच झालं असतं," ताई म्हणाली. "खण नेलेस, ते एक वेळ सोडून देईन. अडला होतास. पण ही फुली कोणी काढली?"

भावाने कपाटाचं दार लोटलं.

"सांग ना. मी बाजारात गेले होते. तू इथे बसलास. माझी पेन्सिल घेतलीस?"

"तुझ्या जिवाला उगाच घोर नको म्हणून," तो पुटपुटला.

ताईला तिथे बसवेना आणि उभंही राहवेना. गरजेपोटी माणूस हात मारतो, त्याला नंतर लाजही वाटते, हे तिला कळत होतं. पण शेजारच्या खोलीत आईची शेवटची अंडी उबत असताना हा या कपाटासमोर मांडी घालून बसला. आईचा हात आठवला, शेपटी कुठे वळते ते आठवलं, आणि ते सगळं आठवून बहिणीच्या डोळ्यांत धूळ फेकायला वापरलं. आईची फुली काढून त्याने ताईचा केसाने गळा कापला होता. आणि ते करताना त्याचा हात कापला नव्हता, रेघ अगदी स्वच्छ आली होती.

"आत्ता जातो, बाईंकडून तुझे खण काढून आणतो," भाऊ वळत म्हणाला. "त्यांना काहीतरी सांगेन."

"हात लावायचा नाही!" ताईचा आवाज एवढा चढला की व्हरांड्यातला नवरा आत आला. "माझी अंडी आहेत त्यांच्यावर. पिल्लं निघेपर्यंत त्या घराच्या पायरीवर दिसायचं नाहीस तू."

तर अशा रीतीने आईच्या कोंबड्यांची शेवटची अंडी परक्या घराच्या जिन्याखाली उबली. ताई दिवसातून दोनदा जायची, फुल्या वर, गोळे वर, आणि दर खेपेला डॉक्टरबाई भावाचं काहीतरी चांगलं बोलायच्या. बाईंना खरं सांगायचं असं ती घरून ठरवून निघायची. तिथे तोंड उघडलं की 'माझा भाऊ' हे दोन शब्द आधी ओठांवर यायचे आणि पुढचं तसंच राहून जायचं.

निम्म्याहून जास्त अंडी गेली. त्या दुपारच्या गारठ्याने गेली. बाकीची फुटली. ओली, गबाळी पिल्लं, पायांवर पिसांची बारीक लव. त्यात एखादा तरी कोंबडा आहे की नाही, म्हणजे आईचा वाण पुढे चालेल की इथेच संपेल, हे कळायला अजून बरेच दिवस होते. ताईने ती टोपलीत भरून घरी आणली. भावाला कळवलं नाही. तो आपणहून आला, दाराशी उभा राहिला, लांबूनच पिल्लांकडे बघून परत गेला.

नवे खण आले तेव्हा तोच बसवायला आला. या वेळी ताई बाजारात गेली नाही. पाट घेऊन समोर बसली. त्याने खण खोक्यातून काढला की तिने तो आधी हातात घ्यायचा, पुढच्या कोपऱ्यात फुली ओढायची, मग उलटा करून मागच्या बाजूला गोळा. भाऊ पेन्सिलीकडे बघत होता. गोळा काढायच्या वेळी त्याचा हात नकळत जरासा पुढे झाला. ताईने पेन्सिल अंबाड्यात खोचून टाकली.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो एका नव्या जोडप्याला घेऊन आला. एजन्सी मिळाली होती, शर्ट नवा होता. "माझ्या थोरल्या बहिणीकडे वर्षभर चालू आहे," तो त्यांना सांगत होता, पण बोलताना त्याचे डोळे ताईवर होते, आणि त्यात लहानपणी काच फोडून आल्यावर असायची तीच विनवणी होती. ताईने त्या वेळी काच आपण फोडली म्हणून सांगितलं होतं.

तिने त्यांना मागच्या खोलीत नेलं. सोडियमचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, तापत नाही, पेटत नाही, सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "आम्हाला यातलं काही कळत नाही हो. तुम्ही म्हणाल तसं. डोळे मिटून घेऊ का?"

भाऊ ताईकडे बघत एक पाऊल पुढे आला.

"बॅटरी चांगली आहे," ताई म्हणाली. "जरूर घ्या. पण बसवतील तेव्हा घरात थांबा. आणि प्रत्येक खणावर आपल्या हाताची खूण करून ठेवा. पुढूनही आणि मागूनही."

"का हो?" त्या बाईने हसत विचारलं. "भाऊच आहेत ना तुमचे?"

"म्हणूनच सांगतेय," ताई म्हणाली, आणि पिल्लांना पाणी द्यायला पुढच्या खोलीत गेली.